बी विंगचं रजिस्टर

रजिस्टर इंग्रजीतच लिहायचं, असा कंपनीचा नियम.
कलिन्यात, बी विंगच्या गेटवर, रात्री आठ ते सकाळी आठ
जे घडलं ते घडून गेल्यावर मी लिहिते,
म्हणजे सगळं भूतकाळातच.

पहिल्या आठवड्यात लिहिलं: लाइट वेंट.
दूध घ्यायला उतरलेल्या मिस कोरेया
चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, कुठे वेंट? कुणाबरोबर?
आणि पर्समधल्या लाल पेनाने पुढे जोडलं: ऑफ.
दुसऱ्या रात्री जिन्यातला अलार्म बोंबलला.
त्याच्याही पुढे ऑफ.
लाइट वेंट ऑफ म्हणजे विझली,
अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला.
मिस, एकाच ऑफने एक गप्प होतं
आणि दुसरं ओरडतं, हे कसं?
त्या म्हणाल्या, माझ्या दोन बहिणी एकाच घरात वाढल्या.

डोक्यावरून विमान गेलं.
टुक ऑफ, त्यांनी बोट वर केलं.
मग स्वतःच्या पायांकडे: ह्या चपला. त्यापण टुक ऑफ.

आमच्याकडे हे शब्द नामाला घट्ट चिकटून बसतात.
दारामागे. पोरांसाठी. नवऱ्यामुळे.
ह्यांचे मोकळेच हिंडतात, अप, डाउन, आउट, ओव्हर,
ज्या क्रियापदाच्या मागे लागतील त्याचं घर फिरवतात,
आणि घर फिरलं की वासे फिरायचेच.

पण खोटं कशाला बोलू, आपणही कमी नाही.
सासऱ्यांनी लांज्याची जमीन विकली म्हटलं तर नुसता व्यवहार,
विकून टाकली म्हटलं
की सासूने तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता तेही त्यात येतं.
मी एकदा नवऱ्याला बोलले,
मी एकदा नवऱ्याला बोलून बसले,
ह्या दोहोंत एका वर्षाचा फरक आहे.

सगळ्यात जड गेलं पुट अप विथ.
तीन शब्द, तिन्ही साधे: ठेव, वर, सोबत.
एकत्र आले की सोसणं.
मिस म्हणाल्या, भूतकाळ कर.
मी म्हटलं, पुटेड.
त्यांनी मान हलवली. पुटचा भूतकाळ पुट.
काल पुट, परवा पुट, लिहिताना काही बदलत नाही.
मग कळायचं कसं, मिस,
संपलं की अजून चालूच आहे?
दुधाच्या पिशवीतून थेंब गळत होता.
त्या तो रुमालाने टिपत राहिल्या.

चुका होतातच. तळमजल्यावरच्या वाघुळद्यांना घेरी आली
तेव्हा मी पास्ड अवे लिहून मोकळी झाले.
सकाळी तेच खाली येऊन सोसायटीच्या नोटिशीवर सही करून गेले.
आउट, अगं बाई, पास्ड आउट!
आउट झालेला परत येतो.

नोव्हेंबरात, रात्री दोन वीसला, लिफ्ट ब्रोक डाउन,
नेमकी त्याच वेळी सहाव्या मजल्यावरून
मिसना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवलं.
एक चप्पल तिसऱ्यावर राहिली.
टुक ऑफ नव्हे. फेल ऑफ.
ॲम्ब्युलन्स गेल्यावर रजिस्टर उघडलं,
टुक लिहिलं, आणि पुढे हात चालेना.
अवे लिहायला धजले नाही.
आउट म्हणजे कचरा नेतात तसं.
ज्या दिशेने नेलं तेवढंच माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं,
म्हणून लिहिलं: टुक डाउन मिस कोरेया.

त्या ओळीखाली अकरा दिवस
कुरियर, पाण्याचा टँकर, कुरियर.

बाराव्या सकाळी रिक्षा थांबली.
आधी काठी उतरली, मग त्या.
तिथेच उभ्या राहून रजिस्टर मागितलं.
लाल पेन नव्हतं, माझं निळं घेतलं,
पानं मागे उलटली आणि डाउनभोवती गोल काढला.
हे चूक. टुक डाउन म्हणजे लिहून घेतलं.

मी टेबलाखालून चप्पल काढून
त्यांच्या पायाशी ठेवली.
मग चुकलं कुठे, मिस?